कॅप्टन आणि त्यांचा पंप

माझ्या ताईचा नवरा वाईट माणूस नाही, असं तिच्या सासरची माणसं सांगतात. मला ते पटतं. वाईट व्हायलासुद्धा काहीतरी करावं लागतं.

धक्क्यावर त्यांना कॅप्टन म्हणतात. म्हणणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात त्या वेळी काय असतं ते आंधळ्यालाही दिसावं, पण भावजी मान जराशी कलती करून तो मान घेतात. बोट चालवायचा परवाना त्यांच्याकडे नाही. परीक्षेला दोनदा बसले होते. पहिल्या वेळी परीक्षकालाच काही येत नव्हतं आणि दुसऱ्या वेळी वारा चुकीच्या बाजूने आला. परवाना आहे तो ताईकडे. सासऱ्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी बोट मुलाच्या नावावर केली आणि सुकाणू सुनेच्या हातात दिलं. म्हातारबाबांनी आयुष्यात बाकी काय शहाणपण केलं मला ठाऊक नाही, पण हे केलं.

बोट तीस माणसांची. या काठावरून त्या काठावर पंचवीस मिनिटं, दिवसाला आठ फेऱ्या. पलीकडे दवाखाना आहे, तिथे मी केसपेपर काढायला बसते, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्याच बोटीत असते. ताई मागे सुकाणूवर उभी असते. भावजी पुढच्या बाकावर पांढरी पँट घालून बसतात आणि पाण्याकडे असं बघतात, जणू ते त्यांनीच भरून ठेवलंय.

त्यांच्या आईने मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं, की आठ वर्षांचा असताना याने घरातलं घड्याळ उघडलं आणि पुन्हा जोडलं. "एक चाक उरलं होतं गं," त्या म्हणाल्या, "पण याने सांगितलं, ते जास्तीचंच होतं." घड्याळाचं काय झालं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घड्याळ काय, बंद पडलं. जुनंच होतं." या घरात हे असं चालत आलंय. चाक जास्तीचं आणि घड्याळ जुनं.

पुढे एका मिस्त्रीकडे त्यांना शिकायला ठेवलं. तो मिस्त्री अजून आहे, पलीकडच्या काठावर, दवाखान्यामागे त्याची शेड आहे. त्याने सहा महिने यांना रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला लावले. सातव्या महिन्यात भावजी म्हणाले, मी इथे इंजिन शिकायला आलोय, भांडी घासायला नाही. आणि निघून आले. तेव्हापासून त्या माणसाचं नाव काढलं तरी यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "त्याच्याकडे शिकण्यासारखं होतं तेवढं मी सहा महिन्यांत उचललं," असं ते सांगतात. खोटं नाही. सुटे भाग ते अजूनही छान धुतात.

एक गोष्ट मात्र देवाला स्मरून सांगते, रंग त्यांना येतो. मधली काही वर्षं ते पाट्या रंगवत होते. वर्षातून एकदा बोट काठावर ओढली की ते तिला असा निळा रंग देतात, की नवी वाटावी. ब्रश धरलेला हात जराही हलत नाही. तेवढंच करत राहिले असते तर मला त्यांच्याबद्दल लिहावंच लागलं नसतं. पण चांगलं येणारं काम त्यांना कमी दर्जाचं वाटतं आणि न येणाऱ्या कामात ते तज्ज्ञ आहेत.

यंदा रंगकाम झालं, बोट पाण्यात उतरली आणि चार-पाच दिवसांनी भर पाण्यात इंजिन बंद पडलं. आधी दोनदा धाप लागल्यासारखं खोकलं, मग गप्प. इंजिन जुनं, पेट्रोलचं, एका मोटारीतून काढलेलं. ताईने सेल्फ मारला. नुसती घरघर. भावजी उठले. त्यांनी पँटची घडी सांभाळत मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत टॉर्च मारली, काठी बुडवून पेट्रोल किती आहे ते पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "आता मार."

ताईने मारला. इंजिन सुरू.

"हात लागावा लागतो," भावजी सगळ्या बाकांना उद्देशून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वीस-बावीस मिनिटं झाली, की खोकला, शांतता, भावजी, झाकण, टॉर्च, काठी, "आता मार". आणि इंजिन सुरू. लोक आधी चिडले, मग त्यांना मजा वाटू लागली. मग काहीजण खरंच मानायला लागले. एका आजीने यांच्यासाठी खिडकीची जागा सोडली. भावजी तिथे बसले. त्या आठवड्यात त्यांच्या तोंडावर जे तेज होतं ते लग्नातही नव्हतं. मी लग्नाला होते.

ताई एकदा मला हळूच म्हणाली, "हे इंजिन बंद पडायची वाट बघतात असं मला वाटतं."

"वाटतं कशाला," मी म्हटलं, "घड्याळ बघत असतात."

इंजिनाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, इंजिन म्हणजे बाईमाणूस, कळून घ्यावं लागतं. पंधरा वर्षांत दोन्हींपैकी एकही कळलेलं नाही, पण वाक्य तसंच आहे.

मग ती बाई आली. दिवस भरलेली, कळा सुरू झालेल्या, बरोबर नवरा आणि सासू. दवाखान्यात न्यायची होती. त्या फेरीला भावजी दाढी करायला गेले होते. मध्यावर इंजिन बंद पडलं. ताईने सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धी केली. टाकीचं झाकण तिने उघडलं नाही, कारण माणसं बोटीत असताना टाकी उघडायची नाही असा धक्क्यावरच्या कार्यालयाचा नियम आहे आणि ताई नियम पाळते. नियम न पाळणारा गृहस्थ न्हाव्याकडे बसला होता. चाळीस मिनिटं आम्ही पाण्यावर तरंगत होतो. मी त्या बाईचा हात धरून मनातल्या मनात नामस्मरण करत होते. शेवटी पलीकडच्या काठावरच्या बोटवाल्यांनी येऊन आम्हाला दोर लावून ओढत नेलं. बाळ सुखरूप झालं, देवाची कृपा. पण त्या नवऱ्याने धक्क्यावरच्या कार्यालयात तक्रार केली, आणि त्याने करायलाच हवी होती.

भावजींनी यातून काय घ्यावं? "बघा," ते म्हणाले, "मी नव्हतो तर काय झालं."

कार्यालयाचा कागद आला. आठ दिवस बोट बंद. नवव्या दिवशी तपासनीस येतील, या काठावरून त्या काठावर जातील आणि परत येतील. इंजिन एकदा जरी थांबलं किंवा यंत्रात धोक्याचं काही सापडलं, तर फेरी पलीकडच्या बोटीला द्यायची. ताईने कागद दोनदा वाचला आणि घडी करून डब्याखाली ठेवला. फेरी गेली की सुकाणू गेलं. पलीकडच्या बोटीला त्यांचे सुकाणूवाले आहेत, ताईला तिथे कोण उभं करणार? ती एवढंच म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही गं." मी म्हटलं, आपण मिस्त्रीकाकांना बोलवू.

भावजी आतल्या खोलीतून म्हणाले, "तो माझ्या बोटीवर पाय ठेवणार नाही. दोष सापडलाय मला. पंप."

इंजिनाच्या कुशीला एक पंप होता. इंजिन फिरलं की त्याच्या जोरावर हलायचा आणि टाकीतलं पेट्रोल ओढायचा. भावजी म्हणाले, हा म्हातारा झालाय, आता विजेवर चालणारा पंप बसवू. जुना पंप त्यांनी काढला आणि ती जागा पत्रा कापून बंद केली. पत्रा अर्थातच रंगवला. नवा पंप आला, मुठीएवढा, अंगावर बाण. बरोबर चित्रांचा कागद होता. पंप टाकीजवळ आणि खाली बसवा, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. बाण इंजिनाकडे. आधी गाळणी, मग पंप. वीज कुठून कशी आणायची तेही काढलेलं होतं. भावजींनी त्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला.

"चित्रं बघून काम करणारे वेगळे," ते म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. इंजिनावरच्या लाकडी पेटीला त्यांनी खिडकी कापली. तिला काच बसवली. प्रवाशांना पंप दिसावा म्हणून. आणि काचेतून नीट दिसावा म्हणून तो पेटीच्या मागच्या टोकाला, इंजिनापासून लांब, खालच्या फळीवर बसवला. म्हणजे नेमका चित्रात दाखवला होता तिथे. देव कधीकधी मूर्खाच्याही हातून काम करून घेतो. पंप धरून ठेवणारी लोखंडी पट्टी त्यांनी लाल रंगवली, दोन हात दिले, वाळू दिली. वर वायरी जोडल्या.

किल्ली फिरवली. काही नाही.

"डुप्लिकेट," भावजी म्हणाले.

पंप काढून दुकानात नेला. दुकानदाराने दोन वायरी बॅटरीला टेकवल्या, पंप टकटक वाजायला लागला. परत आणून बसवला. काही नाही. भावजींनी फ्यूज बदलला. बॅटरीत पाणी घातलं. किल्लीचं स्विच बदललं. बॅटरी बसवणाऱ्या माणसाला, ती बनवणाऱ्या कारखान्याला आणि हवेतल्या दमटपणाला नावं ठेवली. दुकानात पुन्हा गेले. दुकानात टकटक, बोटीत मौन. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून आडवे झाल्यावर ताईने ग्लास उचलला आणि कागद पुसून चित्र पाहिलं. मी शेजारी बसले होते.

"काळी वायर उघड्या लोखंडाला लावायची असं दिसतंय," ती म्हणाली. "यांनी कुठे लावलीय?"

"लाल पट्टीला."

"रंगावर?"

आम्ही दोघी बोटीवर गेलो. ताईने स्क्रू सैल केला, त्याखालचा लाल रंग सुरीने खरवडून लोखंड चकचकीत केलं, वायर परत कसली. किल्ली फिरवली. टकटक टकटक. रंगातून वीज जात नाही एवढीच गोष्ट होती. मागून आवाज आला, "मी तेच करणार होतो." भावजी जागे होऊन आले होते, गालावर उशीची घडी होती.

ताईने इंजिन सुरू केलं, बंद केलं. किल्ली तशीच होती. पंप वाजतच राहिला.

"अहो, इंजिन बंद असताना हा कशाला चालतोय?" तिने विचारलं.

"तयारीत असतो," भावजी म्हणाले.

"पण नळी तुटली आणि इंजिन थांबलं, तर हा सगळं पेट्रोल बोटीच्या तळात ओतत राहील. या चित्रात मध्ये एक स्विच दाखवलंय. इंजिनातल्या ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारं."

"ते घाबरटांसाठी." असं म्हणून त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बायका आता आपल्या पंपात बोटं घालणार हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी आयुष्यात ओळखलेली ही एकच गोष्ट असावी.

सहाव्या दिवशी आम्ही तिघं रिकामी बोट घेऊन पाण्यावर गेलो. छान चालली. पंधरा मिनिटं, अठरा मिनिटं. विसाव्या मिनिटाला मागून "ढब्ब" असा आवाज आला, जशी कुणी पत्र्याच्या पिंपावर बुक्की मारावी. मग खोकला. मग शांतता. काचेआड पंप टकटकत होता, आधीपेक्षा जोरात. भावजी उठले, झाकण फिरवलं. या वेळी माणसांचा गलबला नव्हता म्हणून मला ऐकू आलं, झाकण सुटताना "फस्स" झालं. टॉर्च, काठी. "आता मार." सुरू.

"नवीन आहे," भावजी म्हणाले, "अंगवळणी पडायला वेळ लागतो त्याला."

 

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या बोटीने दवाखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये गेले. मिस्त्रीकाका एका मोटरीत डोकं घालून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, फक्त शेवटी विचारलं, "बाई, बंद पडल्यावर तो नेमकं काय करतो? शहाणपण सोडा, हातांनी काय करतो?"

"टाकीचं झाकण उघडतो. आत बघतो. लावतो."

"आणि लगेच सुरू होतं."

"हो."

"झाकण उघडताना आवाज येतो?"

"फस्स."

मिस्त्रीकाका हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी हात पुसले. "तुम्ही तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

"थोडं येतं, मग अडतं. दुसरं भोक पाडावं लागतं, हवेला."

"मग झालं. टाकीलाही ते दुसरं भोक असतं. बोटीच्या बाहेरच्या अंगाला, काठाच्या जरा खाली, पितळी नाक असेल करंगळीएवढं. पेट्रोल जातं तेवढी हवा तिथून आत येते. ते बुजलंय. आता आत हवा नाही, पंप ओढतो, टाकी सोडत नाही. जुना पंप म्हातारा होता, गप्प बसायचा. नवा दांडगा आहे, त्याने टाकीचा पत्रा आत ओढला असेल. ढब्ब ते तेच. तो झाकण उघडतो तेव्हा तिला श्वास मिळतो, आणखी वीस मिनिटांचा." ते थांबले. "यंदा रंग कधी दिला?"

"इंजिन बंद पडायला लागायच्या जरा आधी," मी म्हटलं. 

त्यांनी कपाटातून कागदात गुंडाळलेलं एक पितळी स्विच काढलं, बोटभर लांब, तीन टोकांचं. "हेही न्या. इंजिन बंद की पंप बंद. तपासनीस हे बघतोच. बसवायला अर्धा तास." पैसे विचारले तर म्हणाले, आधी बसवा. मग पुन्हा मोटरीत डोकं घालून म्हणाले, "सहा महिने धुवायला लावलं होतं मी त्याला. भोकं कुठे कुठे असतात ते हाताला कळावं म्हणून."

संध्याकाळी ताईने स्विचचा विषय काढून पाहिला. भावजी म्हणाले, "पंप मी बसवलाय. त्यात दुसऱ्या कुणाचं काही लागणार नाही." कुलूप तसंच राहिलं. स्विच माझ्या पिशवीत राहिलं.

नवव्या दिवशी पहाटे आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. बोटीच्या बाहेरच्या अंगावरून ताई हात फिरवत गेली आणि एका जागी थांबली. निळ्या रंगाखाली एक उंचवटा होता. इतका सुबक रंगवलेला, की त्याचं भोक शोधूनही दिसेना. यंदाचा हात बहुतेक शेवटचा ठरला होता, आधीच्या वर्षांनी अरुंद केलेलं त्याने बुजवलं. माझ्याकडे गोधडीची सुई होती. ताईने टोचली, फिरवली, रंगाचा एक तुकडा आत पडू न देता बाहेर ओढला. आणि आम्ही दोघींनी ऐकलं. टाकीने बारीक, लांब श्वास घेतला. मग आतून पत्रा सरळ होताना एकदा वाजला. मी हात जोडले. कुणाला, ते सांगायला नको.

"यांना सांगूया?" मी विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "सांगितलं तर दुरुस्त करायला येतील."

तपासनीस दहाला आले. शांत माणूस, चष्मा, हातात फळीला लावलेले कागद. भावजींनी पांढऱ्या पँटला इस्त्री केली होती. काचेतून पंप दाखवला. "पूर्ण माझं डिझाइन," ते म्हणाले. तपासनीस म्हणाले, "खिडकी कशाला?" भावजी म्हणाले, "पारदर्शकता."

निघालो. मी बाकावर बसून जप करत होते आणि एका डोळ्याने भावजींकडे बघत होते. पंधरा मिनिटं झाली तसे ते सरसावून बसले. विसाव्याला कॉलर सारखी केली. बावीस. इंजिन खोकलं नाही. तेवीस. ते अर्धे उठले, बसले, पुन्हा उठले.

"काही हवंय का?" तपासनीसांनी विचारलं.

"नाही. इंजिनाकडे लक्ष."

इंजिन एकसारखं चालत राहिलं आणि भावजींचं तोंड उतरत गेलं. आपलं इंजिन थांबलं नाही म्हणून दुःखी झालेला मालक मी पहिल्यांदाच पाहिला. पंचविसाव्या मिनिटाला आम्ही पलीकडच्या धक्क्याला लागलो.

तपासनीसांनी ताईला इंजिन बंद करायला सांगितलं आणि किल्ली तशीच ठेवायला. मग ते खिडकीजवळ वाकले. टकटक टकटक.

"हा चालूच आहे," ते म्हणाले. "नळी फुटली तर बोटीच्या तळात पेट्रोल, वर तीस माणसं. हे चालणार नाही. कोणी जोडलंय हे?"

आता इतके दिवस जो माणूस भेटेल त्याला पंप मी बसवला म्हणून सांगत होता, त्याने तोंड उघडलं. भावजी म्हणाले, "हिने."

मी ताईकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वायरिंग हिचंच," भावजी पुढे म्हणाले. त्यांना वेग आला होता. "सुकाणू हिच्याकडे, इंजिन हीच बघते. मी मालक आहे फक्त. मी सांगत होतो स्विच लाव म्हणून. ऐकत नाहीत हो बायका. विचारा, काळी वायर पण हिनेच लावली."

तपासनीस ताईकडे वळले. "बाई, तुम्ही जोडलं?"

मला वाटलं ती आता सगळं सांगेल. मी सांगायला तोंड उघडलंही होतं. ताईने माझ्या हातातून पिशवी घेतली. "काळी वायर मीच लावली साहेब," ती म्हणाली. "आणि स्विच हे इथे आहे. अर्धा तास द्या. अहो, पेटीची किल्ली द्या."

भावजींनी किल्ली दिली. नाही कशी देणार? इंजिन हीच बघते ना.

तिने केलं ते मी पाहिलं. इंजिनावर ऑइलच्या दाबाच्या काट्याला जाणारं टोक होतं, तिथे जोड देऊन स्विच आवळलं. एक वायर सेल्फकडून, एक किल्लीकडून, एक पंपाकडे, चित्रात होती तशी, मध्ये फ्यूज. जिथे वायर लोखंडाला लागणार तिथला रंग तिने आधी खरवडला. तपासनीस उभे राहून बघत होते. एकदा त्यांनी टॉर्च धरली. भावजी धक्क्यावर कुणाला तरी सांगत होते, की मालकाला किती ठिकाणी लक्ष द्यावं लागतं.

किल्ली फिरवली. पंप गप्प. सेल्फ मारला, पंप बोलला, इंजिन लागलं. इंजिन बंद केलं, तसा दोन टक करून पंपही थांबला. तपासनीसांनी हे तीनदा करून पाहिलं. मग फळीवरच्या कागदावर बरंच काही लिहिलं आणि भावजींना हाक मारली. "मालक म्हणून इथे सही करा. वाचून घ्या."

भावजींनी न वाचता सही केली, खाली दोन रेघा ओढून. त्यांची प्रत त्यांना मिळाली. ती घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली, बाहेरून दिसेल अशी.

परत निघालो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणी जागा सोडत नव्हतं. विसाव्या मिनिटाला भावजींना राहवेना. इंजिन नीट चाललं होतं, तरी ते उठले, पँट सांभाळत मागे आले आणि टाकीच्या झाकणाकडे हात नेला. तपासनीसांनी फळीवरून मान वर केली. चालत्या इंजिनावर टाकी उघडली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

ताईची नजर समोर पाण्यावर होती. ती म्हणाली, "हात लावायचा नाही."

"अगं, मी फक्त..."

"कागद वाचा."

पंधरा वर्षांत तिने त्यांना चारचौघांत असं कधी सांगितलं नव्हतं. आवाज चढलाही नव्हता. भावजींनी माझ्याकडे पाहिलं, तपासनीसांकडे पाहिलं. मग खिशातून कागद काढला आणि बाकावर बसून वाचायला लागले. यंत्राची संपूर्ण जबाबदारी सुकाणूवरच्या बाईंची. त्यांच्या परवानगीशिवाय इंजिन, पंप आणि टाकी यांना मालकासह कोणीही हात लावू नये. लावल्यास फेरी रद्द. खाली दोन रेघांची सही.

हे त्यांना कुणी करायला लावलं नव्हतं. स्वतःच्या तोंडाने मागून घेतलं होतं. मला दया यायला हवी होती. मी रोज देवासमोर बसणारी बाई आहे, कुणाचाही तिरस्कार करू नये हे मला कळतं. आली नाही. खोटं कशाला लिहू.

ते अक्षर अक्षर लावत वाचत होते. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरू केलं. दुसऱ्यांदा संपायच्या आत आम्ही धक्क्याला लागलो, आणि ताईने इंजिन बंद केलं तेव्हाच ते थांबलं.